दणकट, पण कशापासून?

'दणकट' हे विशेषण मराठीत खाटेला लागते, बैलगाडीच्या चाकाला लागते, माणसाच्या प्रकृतीला लागते आणि अलीकडे लॅपटॉपलाही लागू लागले आहे. खाट दणकट आहे असे म्हणताना ती किती माणसांचा भार पेलेल हे बोलणाऱ्याच्या मनात असते आणि चाक दणकट आहे असे म्हणताना खाचखळग्यांचा रस्ता त्याच्या डोळ्यांसमोर असतो. वस्तू कशापुढे टिकायची आहे याचे उत्तर त्या शब्दात न बोलता सामावलेले असते. लॅपटॉपच्या बाबतीत हे उत्तर माणसागणिक बदलते. लष्करी वाहनात बसवलेल्या लॅपटॉपचे वैर धुळीशी आणि हादऱ्यांशी असते, खाणीतल्या लॅपटॉपचे पाण्याशी आणि चिखलाशी असते. पण महिन्यातले पंधरा दिवस गाडी, विमान, हॉटेल आणि परक्या कचेऱ्या यांच्यामध्ये फिरणाऱ्या लेखापरीक्षकाच्या, विमा सर्वेक्षकाच्या किंवा औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या लॅपटॉपचा वैरी बहुतेकदा त्याच्याच बॅगेत बसलेला असतो. शिवाय या फिरत्या माणसाला यंत्र हलकेही हवे असते, कारण ते दिवसभर त्याच्या खांद्यावर असते आणि संध्याकाळपर्यंत त्यातला प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवू लागतो.

लॅपटॉपच्या व्यवसायात दणकट यंत्रांचे ढोबळमानाने तीन वर्ग मानले जातात. 'पूर्ण दणकट' वर्गातले यंत्र पावसात उघड्यावर वापरता यावे, उंचावरून कठीण जमिनीवर पडले तरी चालू राहावे, त्याच्या प्रत्येक खाचेला रबरी झाकण असावे अशी अपेक्षा असते. जपानच्या मात्सुशिता कंपनीने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, १९९६ मध्ये आणलेल्या 'टफबुक' या मालिकेने हा वर्ग जगभर रूढ केला आणि पोलिसांच्या गाड्या, वीजवाहिन्यांची देखभाल, सैन्यदले यांनी तो उचलून धरला. अशा यंत्राचे वजन तीन किलोच्या पुढे सहज जाते. 'अर्ध-दणकट' वर्ग त्याच्या खालचा, आणि तिसरा वर्ग 'व्यावसायिक दणकट' या नावाने ओळखला जातो: दिसायला साधारण कचेरीतल्या लॅपटॉपसारखा, वजनाला एक-सव्वा किलोच्या आसपास, पण प्रवासात जे घडते ते सोसण्याच्या बेताने बांधलेला. पहिल्या वर्गाची कीर्ती मोठी असली, तरी अभियंत्याची खरी कसोटी तिसऱ्या वर्गातच लागते, कारण जाड कवच चढवून वस्तू वाचवणे तुलनेने सोपे असते आणि कवचाला मुभाच नसताना ती वाचवणे फार कठीण असते.

सोबत नेण्याजोगा संगणक प्रथम बाजारात आला तेव्हा हलकेपणाची कल्पना फारच ढोबळ होती. १९८१ चा 'ऑस्बोर्न १' सुमारे अकरा किलोंचा होता आणि विमानातल्या आसनाखाली मावतो हे त्याचे वैशिष्ट्य मानले जाई. १९८३ मध्ये विक्रीला आलेला 'कॉम्पॅक पोर्टेबल' त्याहूनही जड, शिवणयंत्राच्या पेटीसारखा होता. ही यंत्रे उचलून नेता येत, पण ती घेऊन कोणी रोज हिंडू शकत नसे. या परंपरेला पहिला छेद दिला तो कॅलिफोर्नियातल्या ग्रिड या कंपनीच्या 'कंपास' या संगणकाने. १९८२ मध्ये आलेल्या या यंत्राची रचना ब्रिटिश अभिकल्पक बिल मॉग्रिज यांनी केली होती; पडदा कीबोर्डावर शिंपल्यासारखा मिटण्याची, आज सर्वांच्या अंगवळणी पडलेली बिजागरीची रचना तिथून पुढे रुळली. कंपासचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते आणि किंमत ८,१५० डॉलर होती. ती परवडणारे ग्राहक म्हणजे बड्या कंपन्यांचे अधिकारी आणि सरकारी खाती. अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेने तो स्पेस शटलमध्येही नेला. हलके असणे आणि मजबूत असणे या दोन मागण्या एकाच धातूने भागू शकतात हे त्या एका यंत्राने दाखवून दिले, आणि ते का शक्य होते हे समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागते.

मॅग्नेशियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची घनता, म्हणजे एका घन सेंटीमीटरचे वजन, सुमारे १.८ ग्रॅम असते, ॲल्युमिनियमची २.७ आणि पोलादाची ७.८ च्या आसपास. मात्र मॅग्नेशियम हे ॲल्युमिनियमपेक्षा कमी ताठ असते. धातूचा अंगभूत ताठपणा मोजण्याचे जे माप आहे त्यात ॲल्युमिनियमला ७० धरले तर मॅग्नेशियमला ४५ च्या आसपास गुण मिळतात. मग ते फायद्याचे कसे? तर पत्रा वाकवताना त्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे, म्हणजे जाडी तीनदा घेऊन तिचा गुणाकार करावा त्याप्रमाणे, वाढतो. समान वजनाचे दोन पत्रे घेतले तर मॅग्नेशियमचा पत्रा ॲल्युमिनियमच्या दीडपट जाड निघतो. दीडाचा घन जवळजवळ ३.४ होतो, त्यातून धातूच्या अंगच्या मऊपणाची वजावट केली तरी हातात दुपटीहून अधिक ताठपणा उरतो. जाडी हेच ताठपणाचे खरे भांडवल आहे आणि हलका धातू तेवढ्याच वजनात अधिक जाडी देतो, एवढ्या एका गोष्टीवर हलक्या दणकट लॅपटॉपांचा सगळा डोलारा उभा आहे. कागद सपाट धरला तर लवतो आणि त्याला घड्या पाडून पंख्यासारखा केला तर ताठ उभा राहतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तोच न्याय लावून झाकणाच्या पत्र्यावर उंचवटे आणि पन्हळी काढल्या, तर वजनात काहीही भर न घालता जाडीचा आभास निर्माण करता येतो. पुढे ज्या जपानी यंत्राचा विस्ताराने विचार करायचा आहे त्याच्या झाकणावर हीच युक्ती उघड्या डोळ्यांनी दिसते.

धातूखेरीज दुसरा मार्ग कार्बन तंतूंचा. आयबीएमने १९९२ मध्ये सुरू केलेल्या आणि २००५ मध्ये लेनोव्होकडे गेलेल्या 'थिंकपॅड' या मालिकेचे अभियांत्रिकी काम जपानमधल्या यामातो येथील प्रयोगशाळेत चाले. जेवणाच्या काळ्या जपानी डब्यासारखे दिसणारे त्याचे रूप रिखार्ड झापर या जर्मन अभिकल्पकाचे. या मालिकेतील २०१२ च्या 'एक्स१ कार्बन'चे झाकण राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंचे होते आणि चौदा इंची पडदा असूनही त्याचे वजन १.३६ किलो होते. जपानमध्ये तर वजन घटवण्याची चुरस ग्रॅमांवर आली: एनईसीने २०१२ मध्ये मॅग्नेशियममध्ये लिथियम मिसळलेल्या आणखी हलक्या मिश्रधातूचा तळ वापरून तेरा इंची लॅपटॉप ८७५ ग्रॅमवर आणला आणि २०२० मध्ये फुजित्सूने त्याच आकाराचे यंत्र ६३४ ग्रॅमपर्यंत खाली नेले. वर्तमानपत्राच्या जाड रविवार अंकाशी तुलना व्हावी असे हे आकडे आहेत. परंतु ग्रॅमांची ही चुरस जितकी डोळे दिपवणारी आहे तितकीच ती अपुरीही आहे, कारण पडण्याच्या क्षणी यंत्राचे काय होते हे वजनकाट्यावर कळत नाही.

कचेरीतल्या टेबलाची उंची सुमारे ७६ सेंटीमीटर. तेवढ्यावरून सुटलेली वस्तू जमिनीला टेकायला जेमतेम चार दशांश सेकंद लागतो आणि टेकताना तिचा वेग ताशी चौदा किलोमीटरच्या घरात, म्हणजे सायकलीच्या वेगाएवढा असतो. इथवर वजनाचा संबंध नाही. जड आणि हलकी दोन्ही यंत्रे एकाच वेगाने खाली येतात. खरा प्रश्न पुढचा: तो वेग किती अंतरात शून्य होतो? गणिताचा नियम साधा आहे. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले की वस्तूला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या किती पट झटका बसला ते मिळते. टणक कवचाचे यंत्र फरशीवर पडून एका मिलिमीटरात थांबले तर झटका ७६० पट. तेच यंत्र कोपऱ्यातल्या लवचीक भागामुळे किंवा आतल्या रबरी गाद्यांमुळे चार मिलिमीटरांत थांबले तर १९० पट. तीन मिलिमीटरांनी झटका एक चतुर्थांशावर आला. म्हणूनच दणकट यंत्राचे बाहेरचे कवच ताठ आणि आतले अवयव मात्र हळुवार टांगलेले असतात. चौकट न लवता सगळा भार स्वतःवर घेते आणि पडदा, मदरबोर्ड व साठवणूक यांना थांबण्यासाठी थोडी जागा सोडते. हलक्या यंत्राला इथे एक नैसर्गिक सवलतही मिळते, कारण झटका तेवढाच असला तरी त्याचे वस्तुमान कमी असल्याने बिजागरीवर आणि कोपऱ्यावर येणारा भार त्याच प्रमाणात कमी होतो. हलके म्हणजे नाजूक ही समजूत या एका हिशोबाने बरीचशी सैल पडते.

पडण्याचा तो अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ एकेकाळी अभियंत्यांनी अक्षरशः कामाला लावला होता. जुन्या लॅपटॉपांत माहिती फिरत्या चकतीवर साठवली जाई आणि ती वाचणारा शीर्षभाग चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चकती फिरत असताना धक्का बसला की शीर्ष तिच्यावर आदळे आणि त्याच्याबरोबर कित्येक महिन्यांचे काम खरवडले जाई. मोटारीतल्या हवेच्या उशीला ज्या प्रकारचा संवेदक अपघाताची सूचना देतो, त्याच प्रकारचा संवेदक आयबीएमने २००३ मध्ये थिंकपॅडमध्ये बसवला: यंत्र कलंडू किंवा पडू लागल्याचे ओळखून, ते जमिनीला टेकण्यापूर्वीच शीर्ष उचलून बाजूला ठेवायचे. ही कल्पना अतिशय सुंदर होती आणि तिचे आयुष्य फार अल्प ठरले. २००८ च्या सुमारास फिरता भाग मुळीच नसलेली साठवणूक लॅपटॉपांत येऊ लागली आणि प्रवाशाच्या यंत्रातला सर्वांत नाजूक अवयवच नाहीसा झाला. गेल्या दोन दशकांत लॅपटॉप दणकट झाले ते मुख्यतः या एका बदलामुळे. त्याचे श्रेय कवचाला देणे इतिहासाला धरून नाही.

मग उरले काय? पडदा, बिजागरी, कीबोर्ड आणि जोडणीच्या खाचा. फिरत्या माणसाचा लॅपटॉप आज यांपैकीच कशाने तरी जायबंदी होतो, आणि या चारही बाबतीत ज्याचा अभ्यास आवर्जून करावा असे यंत्र म्हणजे पॅनासॉनिकचे 'लेट्स नोट'. टफबुकप्रमाणेच त्याचाही जन्म १९९६ चा, पण जगात टफबुक गाजले आणि लेट्स नोट मुख्यतः जपानच्या देशी बाजारातच राहिले. २००२ मध्ये या मालिकेत आलेले 'आर१' हे मॉडेल अवघ्या ९६० ग्रॅमचे होते आणि तिथून पुढे जपानी कंपन्यांच्या फिरत्या कर्मचाऱ्यांचे यंत्र अशी त्याची ओळख पक्की झाली. त्याचे उत्पादन कोबे शहरातल्या कारखान्यात होते. लहान मुलांना पालकांसह बोलावून स्वतःच्या हाताने स्वतःचा लॅपटॉप जोडू देण्याचा एक उपक्रमही तिथे चालत आला आहे, आणि ज्या वस्तूचे पोट उघडून मुलाला दाखवता येते तिच्या बांधणीवर कारखान्याचा केवढा विश्वास असेल हे त्यातून समजते.

लेट्स नोटची रचना एका विशिष्ट जागेतून जन्मली आहे आणि ती जागा म्हणजे टोकियोची सकाळची लोकल. तिथल्या गर्दीला 'मान-इन देन्शा', म्हणजे माणसांनी शिगोशीग भरलेली आगगाडी, असे नाव आहे. जपानच्या वाहतूक खात्याने गर्दी मोजण्यासाठी जी टक्केवारी ठरवली आहे तिचे अर्थ त्यांनी प्रवाशाच्या हातातल्या कागदावरून सांगितले आहेत: १८० टक्के म्हणजे वर्तमानपत्र दुमडून कसेबसे वाचता येते, २०० टक्के म्हणजे अंगाला अंग लागते, दाब जाणवतो, तरी साप्ताहिक कसेतरी वाचता येते, आणि २५० टक्के म्हणजे गाडी हलली की शरीर कलते व हातही हलवता येत नाही. अशा डब्यात बॅगेतला लॅपटॉप कुठेही पडत नाही. पडायला जागाच नसते. तो दाबला जातो, आणि गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर कमीजास्त दाबला जातो. म्हणून पॅनासॉनिकने या यंत्रासाठी ठरवलेल्या चाचण्यांत टेबलाच्या उंचीवरून, ७६ सेंटीमीटरवरून, पाडण्याची चाचणी जशी आहे तशीच मिटलेल्या यंत्रावर शंभर किलोंचा भार देऊन त्याला हादरे देण्याचीही चाचणी आहे. पहिली चाचणी कोणीही सुचवली असती. दुसरी चाचणी सुचायला मात्र सकाळी साडेआठच्या गाडीत स्वतः उभे राहिलेले असावे लागते.

हे यंत्र हातात घेऊन पाहिले तर ती गाडी त्याच्या अंगावर वाचता येते. झाकणाच्या मधोमध मोटारीच्या बॉनेटसारखा उंचावलेला, कडांना पायरी असलेला चौकोन आहे आणि जपानीतही या रचनेला बॉनेटचेच नाव आहे. वरून आलेला दाब त्या पायऱ्यांमधून कडांकडे वाहून जावा आणि पडद्याच्या काचेपर्यंत पोचू नये अशी ती योजना आहे. काचेला भीती वाकण्याची असते, कारण पडद्यात दोन पातळ काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा थर असतो आणि झाकण थोडेसे जरी आत दबले तरी कीबोर्डाच्या कळांचे ठसे त्या पडद्यावर उमटू लागतात. कळांचे कोपरे गोलसर आहेत, म्हणजे टंकताना बोट त्यांना अडकत नाही. टचपॅड चक्क वर्तुळाकार आहे. काठावरून बोट गोल फिरवले की पान सरकते. बाजूला नजर टाकली तर नव्या धाटणीच्या लॅपटॉपांतून केव्हाच हद्दपार झालेली, पंधरा टाचण्यांची निळी व्हीजीए खाच आणि तारेच्या इंटरनेटची खाच दिसते, अगदी २०२२ नंतरच्या मॉडेलांवरही. या खाचांमुळे यंत्र जाड होते आणि देखणेपणात मार खाते. पण परक्या कंपनीच्या सभागृहात पोचल्यावर छताला टांगलेला प्रोजेक्टर दहा वर्षांपूर्वीचा निघाला, तर सोबत जोडणीचा तुकडा आणला नाही म्हणून कोणाचे सादरीकरण अडू नये, हा विचार त्या निळ्या खाचेमागे आहे, आणि दणकटपणाच्या व्याख्येत तो बसवणे ही लेट्स नोटच्या कर्त्यांची मोठी समज आहे. प्रवासात यंत्र मोडल्याने जितके काम अडते त्याहून कितीतरी अधिक वेळा ते जोडता न आल्याने अडते. तळाची बॅटरीही खटका सरकवून काढता येते; ती थकली की दुरुस्तीच्या दुकानात यंत्र आठवडाभर अडकत नाही.

या तपशिलाशेजारी जाहिरातीतले 'मिलिटरी ग्रेड' हे शब्द ठेवून पाहावेत. त्यांचा आधार 'मिल-एसटीडी-८१०' ही अमेरिकी संरक्षण खात्याची प्रमाणपुस्तिका असते. ती प्रथम १९६२ मध्ये निघाली आणि तिची 'एच' ही आवृत्ती २०१९ ची आहे. उंची, उष्णता, थंडी, पाऊस, दमट हवा, बुरशी, खारे धुके, वाळू, कंपन, धक्का अशा अनेक परिस्थितींसाठी चाचणी कशी घ्यावी याच्या पद्धती त्यात दिल्या आहेत आणि पुस्तिका अत्यंत अभ्यासपूर्वक लिहिलेली आहे यात शंका नाही. वस्तू प्रत्यक्षात जिथे वापरली जाणार तिथली परिस्थिती आधी अभ्यासा आणि त्यानुसार चाचणी बेतून घ्या, असा तिचा मूळ आग्रह आहे. शिंप्याने अंगाचे माप घेऊन कपडा बेतावा तसा. अडचण अशी की उत्पादक हीच मुभा वापरून सोयीच्या पद्धती आणि सोयीची तीव्रता निवडू शकतो, आणि बाजारातल्या लॅपटॉपने चाचणी खरोखर कशी पार केली हे तपासून शिक्का देणारी कोणतीही लष्करी संस्था नाही. पाडण्याची चाचणीच पाहा. पेटीसारख्या वस्तूला सहा पृष्ठे, बारा कडा आणि आठ कोपरे असतात; त्या प्रत्येकावर एकदा, असे एकूण सव्वीस वेळा १२२ सेंटीमीटरवरून यंत्र पाडायचे असते. काँक्रीटवर सुमारे पाच सेंटीमीटर जाडीचे प्लायवूड अंथरून त्यावर ते पाडले जाते, आणि हे सव्वीस आघात पाच वेगवेगळ्या नमुन्यांत वाटून घेण्याची परवानगी आहे. म्हणजे 'सव्वीस वेळा पडूनही टिकले' या वाक्याच्या आड प्रत्येक यंत्र पाच-सहा वेळाच पडलेले असू शकते, तेही लाकडावर आणि बऱ्याचदा बंद अवस्थेत. ग्राहकाच्या घरातली फरशी मात्र ग्रॅनाइटची असते.

धूळ आणि पाणी यांच्या बाबतीत स्थिती थोडी स्वच्छ आहे. 'आयपी' या दोन अक्षरांपुढे येणाऱ्या दोन आकड्यांपैकी पहिला धुळीसारख्या घन पदार्थांपासूनचे रक्षण शून्य ते सहा या पट्टीवर सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचे; ही आंतरराष्ट्रीय पट्टी निश्चित अर्थाची आहे आणि आकडा छापलेला असेल तर त्यावर भिस्त ठेवता येते. व्यावसायिक दणकट वर्गातल्या बहुतेक हलक्या यंत्रांवर हा आकडा नसतोच. त्यांच्यावर 'सांडलेले पाणी सोसणारा कीबोर्ड' एवढेच लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ इतकाच की कळांखाली एक पन्हळ आहे, तिच्यातून पेलाभर पाणी तळाच्या भोकांवाटे बाहेर जाते आणि तेवढ्या वेळात यंत्र बंद करून पालथे घालायला सवड मिळते. गोड चहा मात्र कळांखाली चिकटून राहतो, म्हणून सांडलेला चहा पाण्याहून वाईट.

प्रवासी लॅपटॉपच्या इतिहासात २०१७ चे वर्ष एका वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी २१ मार्चला अमेरिकेने आठ देशांतल्या दहा विमानतळांवरून थेट येणाऱ्या प्रवाशांना फोनपेक्षा मोठे कोणतेही विद्युत उपकरण सोबत बाळगण्यास मनाई केली. ते सामानाच्या पोटात टाकावे लागे. यादीत दुबई, अबुधाबी आणि दोहा होते आणि मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या हजारो मराठी अभियंत्यांची वाट याच आखाती विमानतळांवरून जाते. ब्रिटननेही काही देशांपुरती अशीच बंदी घातली. जो लॅपटॉप आजवर मालकाच्या मांडीवर किंवा पायाशी होता तो एकाएकी सरकत्या पट्ट्यावर, हमालांच्या हातात आणि तीस किलोंच्या बॅगांच्या ढिगाखाली गेला. एमिरेट्सने विमानात चढण्याच्या दारापर्यंत लॅपटॉप वापरू देऊन तिथे तो बांधून घेण्याची सोय केली आणि कतार एअरवेजने वरच्या वर्गातल्या प्रवाशांना स्वतःचे लॅपटॉप उसने दिले. जुलैमध्ये अमेरिकेची बंदी उठली. तिच्यातला एक अंतर्विरोध मात्र विमानशास्त्राच्या जाणकारांनी तेव्हाच दाखवला होता: लिथियम बॅटरी पेटली तर ती माणसांच्या नजरेसमोर विझवता येते, सामानाच्या पोटात नाही. म्हणूनच सुट्या बॅटऱ्या आजही केबिनमध्येच न्याव्या लागतात आणि शंभर वॉट-तासांहून मोठ्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. वॉट-तास म्हणजे बॅटरीत साठलेल्या ऊर्जेचे माप. मोठ्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या ९९ वॉट-तासांवर येऊन थबकतात त्यामागे ही मर्यादा आहे. हलक्या यंत्राला ही अडचण भासत नाही, कारण त्याची बॅटरी सहसा या मर्यादेच्या निम्म्यावर असते.

महाराष्ट्रातल्या फिरत्या माणसाने हे सारे वाचून स्वतःची परिस्थिती त्या चाचण्यांशी ताडून पाहावी, कारण टोकियो आणि मुंबई यांत साम्य आहे तसा फरकही आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या परिभाषेत गर्दीच्या कळसाला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात आणि त्याचा अर्थ एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभे प्रवासी असा होतो. शंभर किलोंच्या भाराची चाचणी इथेही उपयोगाची आहे, पण पुरेशी नाही. ती चाचणी भार संपूर्ण झाकणावर सारखा वाटते. बारा इंची यंत्राच्या झाकणाचे क्षेत्रफळ साधारण ५६० चौरस सेंटीमीटर धरले तर शंभर किलोंचा दाब दर चौरस सेंटीमीटरला दोनशे ग्रॅमही भरत नाही. मराठी माणसाच्या बॅगेत मात्र लॅपटॉपला लागून स्टीलचा डबा असतो. त्या डब्याची कड झाकणाला दोन चौरस सेंटीमीटरांवर टेकली आणि मागच्या प्रवाशाच्या रेट्याने तिच्यावर फक्त दहा किलो भार आला, तरी दाब दर चौरस सेंटीमीटरला पाच किलो होतो, म्हणजे त्या नावाजलेल्या चाचणीच्या जवळजवळ अठ्ठावीस पट. पडदे फुटतात ते असे. आणि दुरुस्तीच्या दुकानातही मालकाला प्रामाणिकपणे वाटत राहते की यंत्र तर कधी पडलेच नाही.

दुसरा फरक हवेचा. पावसाळ्यात कोकणपट्टीतल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते ते तापमान, पंचवीस अंशांच्या आसपास असतो. वातानुकूलित डब्यात किंवा गाडीत तीन-चार तास राहून वीस अंशांवर आलेला धातूचा लॅपटॉप रत्नागिरीला किंवा मडगावला बाहेर काढून लगेच उघडला, तर थंड पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा घाम त्याला सुटतो आणि तो आतही सुटतो. अर्धा-पाऊण तास बॅगेतच बंद ठेवून मग उघडणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय. किनाऱ्यावरची खारी हवा याहून कावेबाज आहे, कारण मॅग्नेशियमचा तोच गुणी धातू इथे दुबळा ठरतो: दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल आली की त्यांची एक लहानशी बॅटरी बनते आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू झिजतो. पोलादी स्क्रूशेजारी रंगाचा टवका उडाला असेल तर तिथला मॅग्नेशियम पांढरी भुकटी होऊन गळू लागतो. म्हणून टवका दिसताच तो रंगाने बुजवावा. त्याला केवळ शोभेचा प्रश्न मानू नये.

भारताकडे अशा चाचण्यांचे ज्ञान नाही असे मुळीच नाही. आपल्या सैन्यदलांची 'जेएसएस ५५५५५' ही विद्युत उपकरणांच्या पर्यावरणीय चाचण्यांची स्वतःची प्रमाणपुस्तिका आहे, आणि मुंबईतली ईआरटीएल ही केंद्र सरकारची प्रयोगशाळा उपकरणांना उष्णता, दमटपणा, कंपन यांना सामोरे नेण्याचे काम करते. उणीव आहे ती नागरी प्रवाशाच्या वस्तूंसाठी कोणीतरी बसून चाचणी बेतण्याची. पॅनासॉनिकच्या अभियंत्यांनी टोकियोच्या गाडीकडे पाहून जी चाचणी लिहिली, तिचे इथले भावंड लिहायचे झाले तर त्यात झाकणावर डब्याच्या कडेएवढ्या पट्टीने दिलेला भार असेल. ओल्या छत्रीशेजारी बंद बॅगेत काढलेले दोन तास असतील. एसटीच्या मागच्या आसनावरचे कंपन असेल, जे टोकियोच्या रुळांवरच्या कंपनाहून निराळे आणि कितीतरी उभ्या अंगाचे असते. डब्यातल्या फळीवर एकावर एक रचलेल्या पाच बॅगांच्या तळाशी कल्याण ते मुंबई एवढा प्रवास असेल. आणि दारात उभ्या माणसाने पाठीवरची बॅग काढून पुढे, छातीशी धरलेली असेल, जशी ती मुंबईत सगळेच धरतात, तेव्हा त्याच्या बरगड्या आणि पुढच्या प्रवाशाची पाठ यांच्या मध्ये सापडलेल्या त्या सव्वा किलोच्या यंत्रावर गाडी सुटताना, थांबताना आणि दादरला लोक आत घुसताना नेमका किती भार येतो, याची मोजणी असेल.